तिकिटावर नाव नव्हते

घरातील एखादे माणूस रेल्वे अपघातात गेले असेल, तर त्याची गोष्ट घरात फारशी सांगितली जात नाही. ‘पणजोबा गाडीच्या अपघातात वारले’ एवढेच एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत येते. कोणती गाडी, कुठले स्टेशन, कोणते साल, मूठमाती कोणी दिली, असे विचारले की वडीलधारी माणसे म्हणतात, “त्यांची वेळ आली होती, बाळा. आता ते उकरून काय करायचे?”

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. गेलेला माणूस कागद चाळल्याने परत येत नाही. जुनी दप्तरे शोधण्यात पैसा जातो, रजा जातात, आणि शेवटी हाती लागते ती एखादी ओळ. त्यापेक्षा त्या पूर्वजाच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण करावी आणि शांत व्हावे, असे कोणालाही वाटेल. पण २ नोव्हेंबरला मृतात्म्यांची यादी देताना अशी काही घरे अडखळतात. चिठ्ठीवर ‘पणजोबा’ लिहायचे की नाव लिहायचे? कारण नावच कोणाला आठवत नाही.

माणूस असा नावासकट कसा हरवतो, हे समजायला रोह्यापासून लांब जावे लागत नाही. ४ मे २०१४, रविवारची सकाळ. दिवा-सावंतवाडी पॅसेंजर नागोठणे आणि रोहा या दरम्यान निडी गावाजवळ रुळांवरून घसरली. मे महिन्याची सुट्टी आणि लग्नसराई, त्यामुळे गाडी चाकरमान्यांनी भरलेली. वीसच्या आसपास माणसे गेली, शंभराहून अधिक जखमी झाली. मदतीला आधी धावली ती आसपासच्या गावांतली माणसे.

ती पॅसेंजर गाडी होती. आरक्षणाच्या डब्याला प्रवाशांच्या नावांची यादी असते. साध्या डब्याला नसते. साध्या तिकिटावर तारीख, अंतर आणि भाडे असते, माणसाचे नाव नसते. म्हणजे दिव्याला गाडीत चढलेला माणूस कोण, हे रेल्वेच्या कोणत्याही कागदाला ठाऊक नसते. त्याचे नाव सांगायला त्याला ओळखणारे दुसरे माणूस यावे लागते. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, तेव्हाही हेच झाले. सहाशेहून अधिक माणसे गेली; पण नेमकी किती, यावर आपल्या जिल्ह्यात आजही वेगवेगळे आकडे सांगितले जातात.

तरीही शोध घेणाऱ्याला वाटा आहेत. मृत्यूची नोंद मूळ गावी नव्हे, तर मृत्यू जिथे झाला तिथे होते. म्हणून सिंधुदुर्गातल्या माणसाची नोंद रोहा तालुक्यात असू शकते, आणि त्याने मुंबईच्या रुग्णालयात प्राण सोडला असेल तर मुंबईत. अनेक घरे आयुष्यभर आपल्याच ग्रामपंचायतीत विचारत राहतात, आणि कागद भलत्याच गावी पडून असतो. दुसरा कागद पोलिसांचा पंचनामा. त्यात अंगावरचे कपडे, हातावरचे गोंदण, खिशातल्या वस्तू लिहिलेल्या असतात. आजोबांच्या खिशात काय होते, हे नातवाला पहिल्यांदा पंचनाम्यातून कळू शकते. आणि तिकीट सापडले असेल तर त्याला मोल असते. रेल्वेची चूक असो वा नसो, अपघातात सापडलेल्या प्रवाशाच्या वारसांना भरपाई मागता येते, पण तो प्रवासी होता हे दाखवावे लागते.

रेल्वे कोणती, हेही पाहावे लागते. रोह्यापर्यंतचा मार्ग मध्य रेल्वेचा, रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे. १९५१ पूर्वीची गोष्ट असेल तर मध्य रेल्वेच्या जागी ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ म्हणजे जी. आय. पी. हे नाव शोधावे. मोठ्या अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात, आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या हाताखाली असतात. ऐकायला विचित्र वाटते, पण त्यामागे शहाणपण आहे. ज्याची गाडी घसरली, त्यानेच न्यायनिवाडा करू नये.

काही पूर्वजांचा मात्र मृत्यूचा कागदच कोणी केला नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यातील कर्जतकडून खंडाळ्याला चढणारा बोरघाटाचा लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. १८६१ साली तिथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. दरडी, सुरुंग, पटकी आणि ताप यांनी हजारो गेले. १८५९ मध्ये मजुरीच्या थकबाकीवरून दंगाही झाला. त्याच वर्षी सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज कंत्राटदार काम हाती घ्यायला आला आणि काही दिवसांतच वारला. त्याचे काम त्याच्या पत्नीने, ॲलिसने, पुढे नेले. या नवराबायकोचे नाव रेल्वेच्या इतिहासात आहे, आणि असायलाही हवे. पण त्या हजारो मजुरांतले एखादे नाव इतिहास वाचणाऱ्याला विचारून पाहा. कोकण रेल्वेने निदान एवढे केले की बांधकामात जीव गमावलेल्यांचे स्मारक रत्नागिरी स्थानकात उभारले.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात एका अपघाताचा उल्लेख आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. आकडा उरला, नावे तिथेही उरली नाहीत. ती माणसे इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असा प्रश्न प्रभू येशू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. मला हे उत्तर फार महत्त्वाचे वाटते. ‘त्याचे भोग होते’, ‘त्याची वेळ भरली होती’ ही वाक्ये आपण सांत्वनासाठी बोलतो, पण त्यांत कळत नकळत मेलेल्यावरच ठपका येतो. आणि त्याहून वाईट म्हणजे, ती वाक्ये चौकशीचे दार लावून घेतात. बुरूज का पडला हे प्रभूने सांगितले नाही. ते गवंड्यांना विचारायचे होते. नशीब म्हणून सोडून दिलेली गोष्ट कागदात पाहिली, की ती घटना होते. तिला तारीख असते, वेळ असते, रूळ असतो, आणि कोणाचा तरी निर्णय असतो.

इथेच शोधाची खरी कसोटी लागते, असे मला वाटते. चौकशीचा अहवाल हाती आला, की त्यात ठपका कोणावर हे आपण आधी पाहतो. इतकी वर्षे आकाशाकडे असलेल्या रागाला एकदम पत्ता मिळतो. तो पत्ता बहुधा चालकाचा, पॉइंट्समनचा किंवा रूळ तपासणाऱ्या गँगमनचा असतो. वरच्या साहेबांचा क्वचितच. म्हणून निष्कर्षाच्या पानावर थांबू नये. तो माणूस किती तास सलग कामावर होता, त्याला आधी काय कळवले होते, दुरुस्ती कधी मागितली होती आणि कधी झाली, हेही अशा चौकशीत पाहिले जाते. पणजोबांना न्याय द्यायला निघालेल्याने ती पानेही त्याच सावकाशीने वाचावीत. त्या पॉइंट्समनलाही पणतवंडे असतील. त्यांच्या घरात ही गोष्ट कदाचित आपल्या घरातल्यापेक्षाही कमी सांगितली गेली असेल, आणि त्यांच्यापैकी कोणी तरी तोच अहवाल मागायला त्याच खिडकीवर उभे राहील.