साडेसहा

हिशेब जुळला नाही तर काय करायचे, हे मला बी.कॉम.च्या पुस्तकांनी शिकवले नाही. ते कॅश काउंटरने शिकवले. संध्याकाळी पैसे कमी भरले तर ते कॅशियरने आपल्या खिशातून भरायचे. जास्त भरले तर सस्पेन्स खात्यात टाकायचे आणि कुणी मागायला येतो का, याची वाट पाहायची. या व्यवस्थेत नीती-अनीतीचा प्रश्न येतो कुठे? एक तर टॅली होते, नाही तर होत नाही. मी आपला बावीस वर्षे या समजुतीत सुखाने कारकुनी करत होतो. (अलीकडे आम्हाला कारकून म्हणत नाहीत, ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. पाटी बदलली. खुर्ची तीच, तिचा मोडका हातही तोच.)

परवाच्या रविवारी माझ्या पुतणीने आमच्या जेवणाच्या टेबलावर एक्केचाळीस उत्तरपत्रिका आणून टाकल्या आणि माझे सुख संपले.

पुतणी बी.एड. करते आहे. पूर्वी हा कोर्स वर्षाचा होता, २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. त्यात बरेच आठवडे खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर उभे राहावे लागते. ती उभी आहे सातवीच्या वर्गासमोर. पाठ टाचण, घटक चाचणी, संविधान तक्ता असे शब्द ती हल्ली झोपेतही बोलते, असे तिची आई सांगते. प्रकरण ‘बँक व सरळव्याज’. म्हणजे माझ्या घरचेच कार्य! चाचणी वीस गुणांची. बरोबर तिच्या वर्गातली एक मैत्रीण होती आणि एक दाढीवाला एम.एस्सी. मुलगा होता. तिघेही छात्राध्यापक.

“काका, तुम्ही फक्त बेरजा तपासा,” पुतणी म्हणाली.

एवढेच काम असते तर बरे झाले असते. चाळीस बेरजा बिनबोभाट झाल्या. रोल नंबर तेवीसची बेरीज साडेसहा आली. तीही बरोबरच होती. तरीपण तिघांचे चेहरे मात्र माझी कॅश शॉर्ट आल्यावर माझा होतो तसे झाले.

“काय झालं?” मी विचारलं.

पुतणीने मला तक्ता दाखवला. राज्यात २०१० साली ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ आले, त्यातल्या श्रेणींचा. तेहतीस ते चाळीस टक्के म्हणजे ‘ड’. एकवीस ते बत्तीस म्हणजे ‘इ-१’. आणि वीसपैकी साडेसहा म्हणजे साडेबत्तीस टक्के! बत्तीस संपले आहेत आणि तेहतीस सुरू झालेले नाहीत, अशा फटीत ते पोरगे अडकले होते. एस.टी. आणि फलाटाच्या मधे पाय अडकावा तसे.

मी हसलो. म्हटलं, “एवढंच ना? रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पन्नास पैसे आणि त्यापुढे असेल तर वरचा रुपया धरा. तेहतीस. ड. पुढची पत्रिका घ्या.”

कुणी पुढची पत्रिका घेतली नाही.

“तसं नाही काका,” मैत्रीण म्हणाली. ती कवठेमहांकाळकडची, बोलण्यात एक प्रकारची माया. “नियमानं नको, आपणहून द्या. पोरगं रोज येतंय, वही भरतंय, फळा पुसतंय. बाकीची हुशार पोरं निम्मे दिवस दांड्या मारतात. कष्टाला काही किंमत हाय का नाही?”

“फळा पुसायला गुण ठेवले असते तर दिले असते,” दाढी म्हणाली. “चाचणी सरळव्याजाची आहे.” मग त्याने खिशातून पुरावा काढावा तसा एक दाखला काढला. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट नावाच्या दोघांनी इंग्रजीच्या त्याच त्या दोन उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतल्या. एका पत्रिकेला कुणी ६४ दिले, कुणी ९८. दुसरीला कुणी ५०, कुणी ९७. लोक म्हणाले, भाषेत असे व्हायचेच. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची पत्रिका पाठवली, तर फरक आणखी वाढला!

“म्हणजे तुझं म्हणणं काय, गुणांना अर्थच नाही?” मी विचारलं.

“अर्थ नाही, म्हणूनच नियम पाळायचा. मुळात वजनकाटा हलतो आहे. त्यात आपण दयेचं बोट आणखी ठेवायचं नाही.”

पोराचे म्हणणे मला पटले. मग मैत्रिणीचे आठवले, तर तेही पटले. कारकुनाचे असेच असते. समोर येईल त्या ग्राहकाचे त्याला पटते.

आता तुम्ही म्हणाल, सातवीच्या मुलाला अर्ध्या गुणाने असा काय फरक पडतो? मीही तेच म्हटले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला नापास करता येत नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवायची सोय झाली, पण सातवी तिच्यातूनही सुटली. मग पोरगे आठवीत जाणारच आहे, भांडता कशाला? शिवाय आपल्याकडे आकड्यांचे काय खरे आहे? दहावीचा राज्याचा निकाल २०१९ साली ७७.१० टक्के लागला, भाषांचे तोंडी गुण काढले म्हणून. २०२० साली ते परत आले आणि निकाल ९५.३० झाला. २०२१ साली करोनामुळे परीक्षाच झाली नाही, तर निकाल लागला ९९.९५! परीक्षा जेवढी कमी, तेवढी मुले हुशार.

पुतणी इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, “काका, गोम वेगळीच आहे. ‘इ’मध्ये जो येईल त्याला जादा मार्गदर्शन देऊन ‘ड’पर्यंत आणायचं, असं त्या योजनेतच आहे. मी अर्धा गुण दिला की तो कागदावर ‘ड’ झाला. मग त्याच्याकडे कोण बघणार? आणि नाही दिला, तर माझ्या फाईलमध्ये एक पोरगं ‘इ’त दिसणार. शिकवलं मीच होतं ना! हा अर्धा गुण मी त्याला देतेय का मला, हेच मला कळेना झालंय.”

यावर माझ्याजवळ रिझर्व्ह बँकेचा नियम नव्हता.

आणि खरे सांगायचे तर याहून मोठी अडचण माझ्या स्वतःच्या खात्यात होती. नववीच्या वार्षिक परीक्षेत मला गणितात पस्तीस गुण आहेत. बरोब्बर पस्तीस. पेपर सुटल्यावर वर्गातल्या हुशार मुलाशी उत्तरे ताडून मी तेव्हाच हिशेब केला होता. फार उदार झाले तरी एकतीसच्या पुढे जात नव्हते. ते चार गुण आले कुठून? मी कधी विचारले नाही. सापडलेले पैसे कुणाचे, हे आपण मोठ्याने विचारतो का? त्या चारावर मी दहावीत गेलो, कॉमर्स घेतले, बँकेत चिकटलो. आज लोकांचे लाखो रुपये मोजतो. पण त्याच चार गुणांमुळे ‘करणी’ हे प्रकरण माझ्या आयुष्यातून कायमचे निसटले. मुलीने नववीत असताना ते पुस्तक माझ्यापुढे धरले, तेव्हा मी दूध आणायला बाहेर पडलो. घरात दोन लिटर दूध होते.

आमचे ते सर अजून आहेत. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला माझ्याच काउंटरवर येतात. दोन वर्षांपूर्वी गर्दी कमी होती, म्हणून धीर करून विचारले, “सर, नववीत मला गणितात पस्तीस होते.”

“बरोबर पस्तीस?” सरांनी चष्म्यावरून पाहिले. “मग दिलेलेच असणार. बरोबर पस्तीस कुणाला पडत नसतात.”

मी हसलो. सर हसले नाहीत.

“दिलेले कुठले लक्षात राहतात रे? पुष्कळांना दिले. एकाला दिले नव्हते, तेवढा आठवतो. तेहतीस होते. त्या साली मला वाटलं होतं, नियम म्हणजे नियम. जूनमध्ये तो आला नाही. पुढं वीटभट्टीवर दिसला एकदा. मला बघून टोपी काढली त्यानं.”

मग सरांनी बोट यंत्रावर ठेवले. उतारवयात बोटांच्या रेषा पुसट होतात. खडूने त्या आधीच झिजल्या असाव्यात. यंत्राने सरांना तीनदा नापास केले. चौथ्यांदा मी यंत्र बाजूला सारले, कागदी फॉर्म काढला आणि ‘समक्ष हजर होते’ याखाली अधिकाऱ्याची सही घेऊन आलो.

हे सगळे त्या तिघांना सांगावे असे मनात आले. पण सांगून कुणाची बाजू बळकट झाली असती? चार गुण मिळाल्याने माझे भले झाले, हे खरे. करणी मला येत नाही, हेही खरे. आणि तो टोपी काढणारा कोणत्या रकान्यात लिहायचा, ते मला आजतागायत सुचलेले नाही. मी आपला पुन्हा एकदा साडेसहाची बेरीज केली.

एवढ्यात आमची ही पोह्यांच्या बशा घेऊन आली. तिने पत्रिका उचलली. गुण सोडून सरळ उत्तर वाचायला लागली. बायकांना कार्यालयीन पद्धत माहीत नसते. “अगं, याचं तर बरोबर आहे!”

पाच हजारांचे दर साल दर शेकडा आठ दराने दोन वर्षांचे सरळव्याज किती? त्याने नुसते ‘८००’ लिहिले होते. सूत्राला एक, किमती भरायला एक, उत्तराला एक, असे तीन गुण होते. सूत्र नाही, पायऱ्या नाहीत, म्हणून एक.

“बघून लिहिलं असेल,” दाढी म्हणाली.

“त्याला विचारलंत का?” ही म्हणाली आणि लिंबू आणायला आत गेली.

सोमवारी पुतणीने विचारले. मुलाची आई मंडईत भाजी विकते. भांडवलासाठी व्याजाने पैसे उचलते आणि व्याजाचे गणित हा तोंडी करतो. “शंभराला आठ, तर हजाराला ऐंशी, पाच हजाराला चारशे, दोन वर्षांचे आठशे. त्यात लिहायचं काय बाई?” बाकीच्या उदाहरणांत मात्र तो खरोखरच गडबडला होता. तिथे मुद्दल विचारले होते, आणि मुद्दल किती हे कधी कुणी त्याच्या आईला विचारत नाही, ती स्वतःच सांगते.

पुतणीने साडेसहाचे सात केले नाहीत. श्रेणीचा रकाना पेन्सिलीने रिकामा चौकोन काढून तसाच ठेवला. पंधरा दिवस शाळा सुटल्यावर अर्धा तास त्याला घेऊन बसली. त्यातले सहा दिवस तो आला. उरलेले दिवस बाजाराचे होते.

काल ती तणतणत आली. कॉलेजच्या प्राध्यापकांनी घटक चाचणीची फाईल तपासून दिली होती. रिकाम्या चौकोनाभोवती लाल गोल, बाजूला शेरा : ‘तक्ता अपूर्ण’. आणि अर्धा गुण वजा.

“काका, हा काय न्याय झाला? मी उद्या जाऊन भांडणार आहे.”

“अर्ध्या गुणासाठी?” मी विचारले.

तिने माझ्याकडे असे पाहिले की मी उठलो आणि दूध आणायला गेलो.