लेखनिक आणि लेखक

शालान्त परीक्षेची उत्तरपत्रिका आजही हातानेच लिहावी लागते; घरी लिहावयाच्या निबंधाची गोष्ट मात्र निराळी झाली आहे. सन २०२२ च्या नोव्हेंबरात चॅट-जीपीटी लोकांच्या हाती आले, आणि विषय सांगताच सुबक मजकूर पुढे ठेवणारी अशी यंत्रे आता शाळकरी मुलांच्या मोबाइलात येऊन बसली आहेत. यावरून पालकांत दोन तट पडलेले दिसतात. एक पक्ष म्हणतो, ही उघड लबाडी होय. दुसरा म्हणतो, गणकयंत्र आले म्हणून गणित बुडाले नाही, तसे याने लेखनही बुडणार नाही. आम्हांस दोन्ही पक्ष उतावळे वाटतात.

दुसऱ्याकडून लिहवून घेणे मुंबईस नवे नाही. फोर्टातील मोठ्या पोस्टाजवळ पत्रलेखक बसत. परळ-लालबागच्या गिरण्यांत राबणाऱ्या ज्या कामगारांस अक्षरओळख नव्हती, ते अशा लेखनिकांकडून गावी पत्र लिहवून घेत, मनीऑर्डरचा फॉर्म भरून घेत. मायना लेखनिकाचा, अक्षरही त्याचेच. परंतु बैल विकू नका, धाकट्याची शाळा सोडवू नका, हे सांगणारा समोर उकिडवा बसलेला कामगारच असे. तो गप्प राहिला की लेखणीही थांबे. त्या पत्रास कोणी लबाडी म्हणणार नाही. शब्द उसने होते, सांगणे स्वतःचे होते. आजच्या यंत्रापुढे विद्यार्थी विषयाचे नाव टाकून गप्प राहिला तरी चार परिच्छेद येतात. आमच्या मते खरा भेद येथे आहे.

यंत्राचा उपकार आम्ही नाकारीत नाही. ज्या घरी इंग्रजी धडा समजावून देणारे कोणी नाही व शिकवणीस पैसा नाही, तेथील मुलास रात्री अकरा वाजता, न रागावता, तीच गोष्ट तीनदा मराठीत सांगणारा कोणी मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. (सधन घरांतील कित्येक निबंध वडिलांनीच लिहिलेले असत, हे शिक्षकांस ठाऊक होते.) शिवाय दोष देण्याचा अधिकार आम्हां वडील मंडळींस कितपत आहे? ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’ गाइडातून पाठ करून उतरविले की गुण मिळतात, हे आम्हीच मुलांस शिकविले. यंत्राने गाइडाची जागा घेतली, एवढेच.

तरीही काही हरपते, आणि ते काय हे आम्हांस लालबागच्या एका परिचित घरी दिसले. नववीतील मुलीस ‘गिरणी कामगाराचे मनोगत’ हा विषय आला होता. तिने तो यंत्राकडून लिहवून घेतला. भाषा निर्दोष, भोंगा होता, घाम होता, १९८२ चा संपही होता. तिचे आजोबा मूळचे साताऱ्याकडील, त्या संपापर्यंत साचेखात्यात होते. रात्रशाळेत शिकलेले ते गृहस्थ चष्मा लावून सगळे वाचून म्हणाले, “पोरी, ब्येस लिवलंय. पर ह्यो मानूस कोन?”

मुलगी वरमली, मग तिने त्यांनाच विचारावयास प्रारंभ केला. साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याचा शब्द कानी येत नसे, म्हणून माणसे ओठ पाहून व हातवारे करून बोलत. त्या आवाजातच आजोबांचे कान गेले. जन्मापासून त्या घरी सर्वजण आजोबांशी मोठ्याने बोलतात, हे ती पाहत आली होती. का, हे तिने कधी विचारले नव्हते. लिहावयास बसली तेव्हा आपणांस काय ठाऊक नाही हे तिला प्रथम कळले. यंत्राने ती अडचण येऊच दिली नव्हती, आणि शिकणे ज्यास म्हणतात ते त्या अडचणीतूनच सुरू होते, अशी आमची समजूत आहे.

तिने दुसरा निबंध लिहिला. तो दीड पानाचा आहे, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आहेत, आणि मध्येच संपतो. पहिला तोपर्यंत शाळेत देऊन झाला होता. त्यास दहापैकी नऊ गुण मिळाले. दुसरा घरीच आहे. आजोबांनी तो मागून घेतला आणि गिरणीच्या पासाबरोबर ट्रंकेत ठेवला.