जुने भिंग आणि अपरिग्रह

मलाजखंडचा ताम्रप्रकल्प १९८२ सालचा. तेथील उघड्या खाणीच्या काठावर उभे राहिले की आम्हांस प्रश्न पडतो : माणसाचे पुरे कधी होते?

फिल्मच्या काळातले लहानसे जुने भिंग आजच्या कॅमेऱ्याचा ३६ × २४ मिलिमीटरचा पडदा पुरता व्यापते. मात्र ऑलिम्पसचे झुइको सोनीच्या कॅमेऱ्यावर बसवावयाचे तर मध्ये २८ मिलिमीटरचे जोडकडे लागते आणि लहानपणाचा बराचसा लाभ तेथेच सरतो. तरीही स्वस्त मिळतात म्हणून लोक दहा भिंगे जमवितात. हाही परिग्रहच. एकच निवडावे व हाताने फोकस साधण्याचा धीर अंगी बाणवावा. कित्येक जुन्या भिंगांच्या आट्या पितळेच्या असतात. त्यांतील तांबे धरित्रीने एकदा दिलेले आहे. ते तिच्याकडे पुन्हा न मागणे, हीच तिची पूजा होय.