ताण कुठे असतो?

खाडीची भरती आणि शुक नदीचा पूर एकाच वेळी आला की सिंधुदुर्गातल्या खारेपाटणच्या बाजारपेठेत पाणी शिरतं. पोती माळ्यावर चढवायची आणि पायरीवरचं पाणी बघत रात्र काढायची. त्या रात्रीचा ताण नक्की कुठे असतो? पाण्यात, शरीरात, की पाण्याकडे बघणाऱ्या मनात? मानसशास्त्राचं या प्रश्नाचं उत्तर बदलत गेलं आणि त्याबरोबर उपचारही.

आधी शरीर पुढे आलं. भीती-संतापात देह लढायला किंवा पळायला कसा सज्ज होतो, हे वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये मांडलं. १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम असे निरनिराळे त्रास दिले. त्रास कुठलाही असो, अधिवृक्क ग्रंथी वाढत, थायमस आक्रसे, जठरात व्रण पडत. ताणातून आजार होतो, हे त्यातून दिसलं. पण एकाच पुरात एक दुकानदार निवांत झोपतो आणि शेजारचा छातीवर हात ठेवून बसतो, याचं कारण उंदरांकडे नव्हतं.

ते रिचर्ड लॅझरस यांनी शोधलं. त्यांनी १९६० च्या दशकात सुतारकामातल्या अपघातांची फिल्म लोकांना दाखवली. हा सगळा अभिनय आहे, असं आधी सांगितलेल्यांच्या शरीरावर ताणाच्या खुणा कमी उमटल्या. ‘मला धोका आहे का?’ आणि ‘माझ्या हातात काय आहे?’ या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ताण ठरतो, असं त्यांचं म्हणणं. अल्बर्ट एलिस १९५५ पासून उपचाराच्या खोलीत जवळपास याच वाटेने चालले होते: घटनेपेक्षा घटनेबद्दलची हट्टी धारणा माणसाला जास्त छळते. हा विवेकनिष्ठ विचार मराठीत रुजवला तो एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करणाऱ्या कि. मो. फडके यांनी. १९९० मध्ये ठाण्यात ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्य संस्था सुरू करणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनी तो व्याख्यानांतून, पुस्तकांतून घरोघरी नेला. उपचाराची भाषा मराठी झाली, हे मला फार मोठं काम वाटतं.

तरी या विचाराचा एक धोका मला अस्वस्थ करतो. तो अर्धवट कानावर पडला की ‘तुझं दुःख तुझ्या विचारांमुळे’ असा आरोप बनतो. ज्याचा माल भिजला, हप्ता थकला, त्याला असं सांगणं निर्दयपणाचं आहे. लॅझरस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ च्या पुस्तकात दोन्ही बाजू धरल्या: जे बदलता येतं तिथे अडचणीला हात घालायचा, जे येत नाही तिथे भावनेला सांभाळायचं. पोती वर चढवणं हे पहिलं, शेजाऱ्याबरोबर चहा पीत जागणं हे दुसरं.

भावनेला सांभाळण्यासाठी कोकणाने एक रीत जपली आहे. देवासमोर गाऱ्हाणं घालतात तेव्हा एकाचं संकट गावादेखत मोठ्याने उच्चारलं जातं आणि जमलेले ‘व्हय महाराजा’ म्हणतात. बोलणाऱ्याला एकटं न ठेवण्याची ती रीत मोलाची आहे. मात्र ताणाचं नैराश्य झालं असताना तिथेच थांबून ते अंगावर काढणं, उपचार महिनोन्‌महिने लांबवणं, हे जिवाशी येतं.

शेजारच्या गोव्यात ‘संगत’ या संस्थेने पुढचं पाऊल टाकलं. तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना ६ ते ८ भेटी दिल्या. रोज थोडं आवडीचं, थोडं गरजेचं काम पुन्हा सुरू करायचं, हा त्या भेटींचा गाभा. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले तेव्हा या रुग्णांत बरं होण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारापेक्षा स्पष्ट जास्त होतं. रत्नागिरीचं मनोरुग्णालय गंभीर आजारांसाठी हवंच. पण नैराश्याचा पहिला आधार गावातल्याच, बोली जाणणाऱ्या बाईने द्यावा, तिला त्याचं शिक्षण आणि मोबदला मिळावा, ही मागणी सिंधुदुर्गाने आता जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे करायला हवी.