सावलीचं कर्ज

कर्ज मागायला येणारा आणि कर्ज फेडायला येणारा हे दोघे एकच गृहस्थ असतात, यावर कर्जविभागात सतरा वर्षं काढूनही माझा विश्वास बसलेला नाही. मागायला येतो तो अर्ध्या खुर्चीवर बसतो, माझ्या प्रकृतीची चौकशी करतो, पंख्याचा वारा मला नीट लागतोय की नाही हेसुद्धा बघतो. फेडायला येतो (म्हणजे तिसऱ्या नोटिशीनंतर) तो खुर्ची भरून बसतो आणि बँकेनं त्याला कसं लुटलं ते मलाच ऐकवतो. पण या दोघांखेरीज एक तिसरी जात आहे आणि माझी खरी अडचण तिच्यापाशी आहे. हा माणूस अत्यंत सज्जन असतो. थकलेल्या हप्त्यांचं विचारलं की शांतपणे म्हणतो, "साहेब, मी काही कुणाचं बुडवणाऱ्यातला नाही. गेल्याच महिन्यात गावच्या देवळाला अकरा हजार दिलेत. ही बघा पावती."

आता यावर काय बोलणार? पैसे दिले हे खरं. पावती खरी. फक्त घेतले एकाकडून आणि दिले दुसऱ्याला, एवढंच. ही नोंद लेजरात कुठे करायची ते बी.कॉम.ला आम्हांला कुणी शिकवलं नाही. आणि गंमत अशी, की बँकेच्या बाहेर आपण सगळे हेच करतो. आईबापांकडून घेतो, पोरांना देतो. आपल्या शास्त्रानंसुद्धा पितृऋण फेडायचा मार्ग म्हणून पुत्रप्राप्तीच सांगून ठेवली आहे. मूळ धनको राहिला बाजूलाच! मग याला फेडणं म्हणायचं, की सोयीस्कर पळवाट?

हा प्रश्न मी बरीच वर्षं खिशात घेऊन हिंडत होतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, एका चाळीस फुटी निवडुंगाच्या बुंध्याशी तो बाहेर काढावा लागेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

आमचे साडू फिनिक्सला असतात. तिकिटं त्यांनीच पाठवली. (एल.टी.सी. परदेशाला लागू नाही, हे मी त्यांच्या कानावर दोनतीनदा घातलं होतं.) तिथून दोन तासांवर टूसॉन नावाचं शहर आहे आणि त्याच्या पूर्वेला नि पश्चिमेला, असं दोन तुकड्यांत, 'सवारो नॅशनल पार्क' आहे. टूसॉनच्या स्पेलिंगात मध्ये एक 'सी' आहे, तो उच्चारायचा नाही. सवारोच्या स्पेलिंगात 'जी' आहे, त्यालाही कुणी हात लावत नाही. ही अक्षरं हजेरीपटावर असतात, जागेवर नसतात. मला एकदम ऑफिसात आल्यासारखं वाटलं.

"निवडुंग बघायला सातासमुद्रापार यायचं?" आमच्या हिनं गाडीत विचारलं. "आमच्या माहेरी परड्याच्या कुंपणाला आहे की!"

माहेरच्या कुंपणाविषयी वाद घालू नये हे मला कळतं. पण तो त्रिधारी म्हणजे कॅक्टसच नव्हे. मोडला की पांढरा चीक येतो ती वेगळीच जात. कॅक्टसचं जवळजवळ सगळं कुळ मूळचं अमेरिका खंडातलं. आपला फड्या निवडुंगसुद्धा तिकडूनच आलेला पाहुणा, पुढे घरजावई झालेला. हे सगळं मला माहितीकेंद्रात कळलं आणि मी ते पोटात ठेवलं.

तिथे आधी एक छोटा सिनेमा दाखवतात. तो संपला की पडदा बाजूला होतो आणि मागे भलीमोठी काच. काचेपलीकडे डोंगरउतारावर ते उभे! एक नाही, दोन नाही, हजारो. कुणी सरळसोट, कुणी दोन हात वर केलेला, कुणी एक हात कमरेवर ठेवून दुसऱ्यानं रिक्षा थांबवत असलेला. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. प्रत्येकाच्या शेंड्यावर पांढऱ्या फुलांचे झुबके होते. आजोबांनी नातीचा गजरा गमतीनं डोक्यावर ठेवून घ्यावा तसे. हे फूल रात्री उमलतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिटतं. एवढ्या वेळात वटवाघळं, मधमाश्या आणि पांढऱ्या पंखांची कबुतरं आपापलं काम उरकून घेतात. उशिरा येणाऱ्याला सवलत नाही.

या झाडाची वाढ ऐकून मला फार धीर आला. पहिल्या आठ वर्षांत ते एक ते दीड इंच वाढतं. (माझ्या कॉन्फिडेन्शिअल रिपोर्टवर हा आलेख तंतोतंत बसतो.) पहिलं फूल साधारण पस्तिशीला. आणि पहिली शाखा उघडायला ५० ते ७५ वर्षं. पाऊस कमी असेल तर शंभरसुद्धा. आमच्याकडे तेवढ्यात शाखा उघडते, तोट्यात जाते आणि बँकच दुसऱ्या बँकेत विलीन होते. १५० ते २०० वर्षं जगणारं हे झाड घाई कशासाठी करील? अंगावर उभ्या चुण्या असतात. पाऊस पडला की पेटीच्या भात्यासारख्या त्या फुगतात आणि मग तो साठा महिनोन्‌महिने पुरवून पुरवून वापरायचा. मुदतठेवीचा इतका शिस्तीचा खातेदार मी पाहिलेला नाही.

पण मुद्दा निराळाच आहे. हा एवढा धिप्पाड गडी लहानपणी उघड्यावर जगूच शकत नाही. टाचणीच्या डोक्याहून लहान बी. तिची लाखो भावंडं उन्हानं, थंडीनं, उंदरांनी संपवलेली. जगते ती बहुधा कुठल्यातरी झाडाखाली पडलेली. बहुतेक वेळा ते असतं पालो वेर्दे. म्हणजे हिरवी काठी. याची सालच हिरवी. पानं गळली तरी सालीवर पोट भरतं. त्याच्या विरळ सावलीत पोराला ऊन कमी लागतं, हिवाळ्यात कडाका कमी लागतो, खाणाऱ्यांच्या नजरेला ते पडत नाही. तिथले लोक अशा झाडाला 'नर्स' म्हणतात. आपण दाई म्हणू.

याचा पुरावा त्या पार्कानं मोठी किंमत देऊन गोळा केला आहे. १९३३ साली हूवर राष्ट्राध्यक्ष असताना पूर्वेकडचा भाग राखीव झाला, तो तिथल्या जुन्या दाट सवारोंमुळे. पण त्याआधी आसपासची झाडं जळणासाठी नि चुनाभट्ट्यांसाठी तुटली होती आणि गुरं पुढेही कितीतरी वर्षं चरत राहिली. म्हातारे दिमाखात उभे, पण खाली नवं पोर म्हणून दिसेना. सवारोला कुणी धक्का लावला नव्हता. फक्त सावली काढून घेतली होती.

आणि मग पोर मोठं होतं. साठ-सत्तर वर्षांनी ते दाईच्या फांद्यांतून डोकं वर काढतं. त्याची मुळं खोल जात नाहीत. जमिनीच्या वरच्या काही इंचांत, पण आपल्या उंचीइतकी लांब पसरतात. पाऊस पडला की पाणी दाईपर्यंत पोचायच्या आत यानं अडवलेलं. मोठ्या सवारोच्या कुशीत एखादं वाळलेलं, पांढरं पडलेलं पालो वेर्दे तिथे जागोजाग दिसतं.

"म्हणजे मेलं बिचारं," ही म्हणाली. "पोसलं त्यालाच खाल्लं की हो त्यानं!"

"पण पुढे किती करतो ते बघा ना," साडू म्हणाले. त्यांना या झाडाचा स्थानिक अभिमान आहे. "सुतार पक्षी याला भोक पाडतो, हा आतून टणक कवच धरतो, म्हणजे पक्ष्याला घर तयार. तो सोडून गेला की चिमणीएवढं घुबड येऊन राहतं. वटवाघळांना मध, पाखरांना फळं. जूनच्या अखेरीस तोहोनो ओओधाम लोक फळं काढायला येतात. पाक करतात, मद्य करतात, पावसाला बोलावतात. हा कुणाला नाही म्हणत नाही!"

देवळाची पावती! मी मनात म्हटलं.

पण ते वाक्य मी तोंडातून काढलं नाही, कारण त्याच वेळी मला माझी आत्या आठवली. कॉलेजची चार वर्षं मी पुण्यात तिच्या दोन खोल्यांत काढली. पाच माणसं आधीच होती, मी सहावा. पहिल्या पगारात तिला लुगडं घेऊन गेलो तर म्हणाली, "मला काय करायचंय रे? तुझ्या दारी कुणाचं पोर शिकायला आलं तर नाही म्हणू नकोस, झालं." पुढे गावाकडचा एक चुलत पुतण्या आमच्याकडे तीन वर्षं राहिला. त्या तीन वर्षांत मी बाल्कनीत झोपायला शिकलो. आत्याला कळलं तेव्हा तिचा चेहरा असा काही खुलला, की खातं मिटल्याचं सर्टिफिकेट मी तेवढ्यावरच मनाशी करून टाकलं.

म्हणजे धनकोनंच सांगितलं असेल तर दुसऱ्याला दिलेलं चालतं. इथवर ठीक. पण न सांगितलं तर?

या झाडाच्या शास्त्रीय नावातच एक असा खातेदार बसला आहे. 'कार्नेजिया'. हे नाव १९०८ साली ॲन्ड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटावरून ठेवलं. त्याच्या संस्थेनं १९०३ मध्ये टूसॉनला वाळवंटी वनस्पतींची प्रयोगशाळा काढली होती. कार्नेगी गरिबाचा पोर. कर्नल अँडरसन नावाचे एक गृहस्थ कामकरी मुलांना आपली पुस्तकं वाचायला देत. हीच त्याची सावली. श्रीमंत झाल्यावर त्यानं अडीच हजारांवर ग्रंथालयं बांधायला पैसे दिले. अँडरसनचं कर्ज व्याजासकट फिटलं, याबद्दल माझी तक्रार नाही. पण १८९२ साली होमस्टेडच्या त्याच्याच कारखान्यात मजुरी कापण्यावरून टाळेबंदी झाली, गोळीबार झाला, माणसं मेली. त्या घरांचं काय? बारा-बारा तास भट्टीपुढे उभं राहणाऱ्यानं त्या ग्रंथालयात जायचं तरी कधी? अँडरसननं सावली दिली होती. या लोकांचं पाणी गेलं होतं. माझ्या मते ही दोन वेगळी खाती आहेत आणि एकाची जमा दुसऱ्यात दाखवली तर कुठलाही ऑडिटर लाल शाईनं खूण करील.

झाडाला हे लागू करू नये, हे मलाही समजतं. सवारोला पाय नाहीत, मुळं कुठवर पसरावी याचा विचार नाही. झाडानं हिशेब चुकता करायचा म्हटलं तर कसा होतो त्याचंही एक उदाहरण आहे. १९८२ साली फिनिक्सजवळ एका माणसानं चाळा म्हणून एका सवारोवर बंदुकीच्या फैरी झाडल्या. तुटलेला हात त्याच्या अंगावर पडला आणि तो जागीच गेला. असली रोखीची वसुली आम्हां बँकवाल्यांनाही नको वाटते.

एवढं सगळं मी बोललो, तेही वाळलेल्या पालो वेर्देकडे बघत. साडू जरा दुखावले. "साडूभाऊ, मी आजवर आपल्याकडच्या नऊ मुलांना घरात ठेवून घेतलंय. विमानतळावरून आणण्यापासून. एकाकडून डॉलर घेतला नाही."

"ते खरंच आहे हो भाऊजी," मेव्हणी म्हणाली. मग थोडं थांबून तिनं नवऱ्याकडे न बघता विचारलं, "आणि दादांचं काय?"

दादा म्हणजे साडूंचे थोरले बंधू. दहावीला पहिले आलेले. धाकट्याच्या इंजिनिअरिंगसाठी शाळा सोडून टेम्पोवर बसले, पुढे विहिरीजवळचा तुकडाही विकला. आता गावी दोन म्हशी आहेत. साडू पैसे पाठवत नाहीत असं नाही. दादाच परत करतात. "मला कमी नाही," म्हणतात. चार वर्षांपूर्वी त्यावरून फोनवर शब्दाला शब्द लागला, आणि तेव्हापासून दिवाळीचा फोन तेवढा होतो, तोही बायकाबायकांतच.

"ते घेतच नाहीत, तर मी काय करू?" साडू म्हणाले. बिनतोड होतं. धनको पैसे घ्यायला तयार नाही, असं प्रकरण माझ्या टेबलावर कधी आलेलं नाही.

कुणीच काही बोललं नाही. ओओधाम लोक फळ काढतात ना, त्याबद्दल माहितीकेंद्रात एक गोष्ट वाचली होती. गर काढून घेतल्यावर रिकामं टरफल ते टाकून देत नाहीत. आतली लाल बाजू आभाळाकडे करून जमिनीवर ठेवतात, पाऊस यावा म्हणून. पावसाला त्या टरफलाचा काय उपयोग? तरी ठेवतात. मी हे साडूंना सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. बोलायला दुसरं काही सुचलं नाही म्हणूनही असेल.

ऊन उतरत होतं. साडूंनी घड्याळ पाहिलं. "तिकडे आता पहाटेचे साडेपाच झाले असतील," ते म्हणाले.

"दादा साडेचारलाच उठतात," मेव्हणी म्हणाली. "आत्ता डेअरीला दूध घालून परत येत असतील."

साडू गाडीपासून जरा दूर गेले. पार्कात रेंज नव्हती. एका हातानं फोन उंच धरून ते दगडांमधून इकडून तिकडे फिरत राहिले. मग एका जागी एक काडी दिसली असावी, कारण हात तसाच वर ठेवून ते हलायचेच थांबले. आमची ही मला म्हणाली, "अहो, त्यांना हाक मारू नका आत्ता."