चिठ्ठीवर ठरणारा इलाज

जुमाच्या नमाजनंतर एक तरुण मशिदीत मागे थांबला. त्याच्या अम्मींना कर्करोग आहे. रुग्णालयात त्यांना एका संशोधनात सहभागी होण्याविषयी विचारण्यात आले होते. दोन उपचारांपैकी कोणता मिळणार, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरणार होते. तो म्हणाला, "मौलाना, अम्मींच्या जिवाच्या चिठ्ठ्या टाकायच्या? हा जुगार नाही का?"

जुगारात एकाचे नुकसान हाच दुसऱ्याचा लाभ असतो. चिठ्ठीचे तसे नाही. हजरत मरयम (अ.) यांचे पालकत्व कोणाकडे जावे, हे लेखण्या टाकून ठरले. प्रवासाला निघताना कोणत्या पत्नीने सोबत यावे, हे प्रेषित मुहम्मद (स.) चिठ्ठ्या टाकून ठरवीत. जेथे हक्क समान असतात आणि निवडीला दुसरा न्याय्य आधार नसतो, तेथे चिठ्ठी हाच न्याय होय. म्हणून खरा प्रश्न असा की, दोहोंपैकी कोणता उपचार सरस, हे खरोखरच अज्ञात आहे काय?

१९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगावर असेच संशोधन सुरू झाले. क्षयरोग्याला आरोग्यधाम, विश्रांती आणि सकस आहार मिळालाच पाहिजे, अशी तेव्हाची समजूत होती. पण रोगी अफाट आणि खाटा थोड्या. नवी औषधे घरी राहून घेतली तर पुरेशी ठरतील का, हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९३ रुग्णांपैकी कोणी घरी राहायचे आणि कोणी आरोग्यधामात, हे चिठ्ठीच्या तत्त्वावर ठरले. डॉक्टरांनी निवड केली असती, तर अधिक अशक्त रुग्ण आरोग्यधामात गेले असते आणि तुलनाच फसवी झाली असती. दोन्ही गटांना वर्षभर तीच औषधे मिळाली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दाटीवाटीच्या घरांत, अपुऱ्या आहारावर राहिलेले रुग्णही जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते. आज जो क्षयरोगी मुलाबाळांत राहून औषध घेतो, तो त्या अनामिक गरिबांचा ऋणी आहे.

परंतु संशोधन या नावाखाली जुलूमही झाला आहे. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात उपदंश झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना त्यांचा खरा आजार सांगितला गेला नाही. पेनिसिलिनचा गुण सिद्ध झाल्यावरही त्यांना ते दिले नाही. तेथे अज्ञान नव्हते, विश्वासघात होता. रुग्णाचे शरीर ही संशोधकाच्या हाती आलेली अमानत आहे. सत्य लपवणारा त्या अमानतीत खयानत करतो.

मी त्या तरुणाला म्हणालो, "डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. कोणता उपचार सरस, हे खरेच ठाऊक नाही का? चिठ्ठी कोणतीही निघाली, तरी आजवरच्या सिद्ध उपचारापेक्षा कमी काही मिळणार नाही ना? आणि मध्येच नकार दिला, तरी इलाज चालू राहील ना? उत्तरे समाधानकारक असतील, तर यात जुगार नाही. उलट, पुढे याच आजाराने ग्रासल्या जाणाऱ्या कोणाच्या तरी आईवर तो उपकार ठरेल."

तो निघाला, तेव्हा मी त्याला थांबवून विचारले, "पण अम्मींचे काय म्हणणे आहे?"

तो गप्प झाला. त्याने डॉक्टरांना विचारले होते, मामांना विचारले होते, मलाही विचारले. अम्मींना विचारायचे राहून गेले होते.

वाचकहो, संमती ज्याच्या शरीराची, त्याचीच असते. प्रेमापोटीही ती आपल्याला परस्पर देता येत नाही, आणि नाकारताही येत नाही.

अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो. आमीन.