श्रेयांकाबाहेरचे तास

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या एका सत्राला किमान 20 श्रेयांक मिळवावे लागतात. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानं एका श्रेयांकामागे 30 तासांचं अध्ययन धरलं आहे. त्यात वर्ग आला, प्रात्यक्षिकं आली, घरचा अभ्यासही आला. म्हणजे सत्राला 600 तास. पंधरा आठवड्यांवर वाटले तर आठवड्याला 40. पूर्णवेळ नोकरीला लागतो जवळपास तेवढाच वेळ.

हिशेबात चूक नाही, पण तो अर्ध्या दिवसाचा आहे. पहाटे उठून भाकऱ्या थापून, पहिली एसटी धरून तालुक्याच्या कॉलेजात येणाऱ्या मुलीचा उरलेला दिवस त्यात कुठेच नाही. गाडी चुकली की तास बुडतो, आणि 75 टक्के उपस्थितीची अट आहेच. संध्याकाळी घरी पोचल्यावर धाकट्याचा अभ्यास, आजीची औषधं, पुन्हा चूल. अशा मुलींना सभागृहात बसवून वेळेच्या नियोजनावर व्याख्यानं दिली जातात, याचा मला राग येतो. नियोजन तर ती रोजच करते. तिच्या हातात तासच उरत नाहीत. अभ्यास, घर, मैत्री आणि तब्येत यांचा मेळ घालणं ही एकट्या विद्यार्थ्याची जबाबदारी आहे, हे मला मान्य नाही. त्यातला मोठा वाटा शिक्षणसंस्थेनं उचलायला हवा.

महाराष्ट्रानं तो एकेकाळी उचलला होता. शाहू महाराजांनी 1901पासून कोल्हापुरात वसतिगृहांना बळ दिलं. भाऊराव पाटलांनी 1919 साली काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं नाना जातींची मुलं एकत्र राबत, एका पंगतीला जेवत आणि मग अभ्यासाला बसत. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. मूल जेवलं का, कोणाशेजारी झोपलं, आजारी तर नाही ना, ही चौकशी त्या माणसांच्या लेखी शिक्षणाचाच भाग होती. पुण्यात अच्युतराव आपट्यांची विद्यार्थी सहाय्यक समिती 1955पासून त्याच वाटेनं चालत आली. त्या काळी बहुतेक सोय मुलग्यांचीच होती, हेही सांगायला हवं.

आज वसतिगृहात जागा न मिळालेला मुलगा पुण्यात कॉट बेसिसवर राहतो. रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणून वडापाव. ताप आला तर खोलीतला दुसरा मुलगा पेज आणून देतो, आणि कोणी दोन दिवस जेवायला उतरलं नाही हेही आधी त्याच्याच लक्षात येतं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं, हे फार चांगलं झालं. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसची 14416 ही हेल्पलाइनही आहे. पण समुपदेशकाच्या दारापर्यंत हाताला धरून नेणारं कोणीतरी लागतं, आणि असं माणूस कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर, काही न करता घालवलेल्या तासांतूनच मिळतं. पालकांना ते तास वाया गेलेले दिसतात. मला त्या तासांची काळजी अभ्यासाच्या तासांइतकीच वाटते.

घरच्या नात्यांचंही तेच. मराठवाड्यात, सोलापुराकडे आया अजूनही एसटीतून शिकणाऱ्या लेकरांसाठी डबे धाडतात. डबा रोज पोचतो. लेकराचं घरी जाणं मात्र सबमिशन, तोंडी परीक्षा आणि अंतर्गत गुणांवर अडतं. पहिल्या सत्राच्या परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नेमक्या दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे येतात. भाऊबीजेला घरी आलेला मुलगा फाइल उघडूनच बसलेला असतो.

वेळापत्रक ठरवणाऱ्यांना दोन गोष्टी लगेच करता येतील. दिवाळीचा आठवडा परीक्षा आणि सबमिशनपासून पूर्ण मोकळा ठेवावा. आणि सकाळचा पहिला तास लावण्याआधी गावांकडून येणारी पहिली गाडी किती वाजता पोचते, ते आगारात विचारून घ्यावं.